श्वासमार्गातील अदृश्य वल्ही आणि रसायनांचे अडथळे

पोलादपूर तालुक्यातील डोंगरउतारांवरच्या वाड्यांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर भाताची दाढ भाजली जाते. पालापाचोळा, झाडांची कवळं आणि शेण जमिनीवर पसरून त्यांचा राब करण्याची ही कोकणातील जुनी रीत होय. या वाड्यांतील अनेक घरांत गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते. घाट उतरून महाडकडे आले की बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहत लागते. येथील रासायनिक कारखान्यांत दिवसरात्र पाळ्या चालतात. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री या दोन्ही तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीत उतरते आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तेथे तिसऱ्या गोळा केल्या जातात.

चुलीपुढे बसलेली गृहिणी, कारखान्यातील कामगार आणि खाडीतील शिंपला यांच्यात वरकरणी काहीच साम्य नाही. मात्र तिघांचेही आरोग्य एकाच सूक्ष्म यंत्रावर अवलंबून असते. हे यंत्र म्हणजे ‘डायनीन’ नावाचे विकर. पेशींवरील केसांसारख्या तंतूंना, म्हणजे पक्ष्माभिकांना, गती देण्याचे काम ते करते. धुरातील, कारखान्यातील आणि औषधांतीलही अनेक रसायने या यंत्राचा वेग कमी-अधिक करतात. हा परिणाम नेमका कसा होतो, तो कितपत भरून निघतो आणि सर्वसामान्यांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

पक्ष्माभिका म्हणजे काय?

मानवी श्वासनलिकेच्या आतील अस्तरातील बहुसंख्य पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांची दाट लव असते. शास्त्रीय परिभाषेत या केसांना पक्ष्माभिका किंवा ‘सिलिया’ म्हणतात. एका पेशीवर अशा सुमारे २०० पक्ष्माभिका असतात. प्रत्येकीची लांबी मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाइतकी आणि जाडी त्याहून कितीतरी कमी असते. निरोगी माणसात त्या सेकंदाला साधारणपणे १० ते १५ वेळा हलतात. पुढे जाताना ताठ आणि मागे येताना वाकून, असा त्यांचा फटका नावाड्याच्या वल्ह्यासारखा असतो. शेजारच्या पक्ष्माभिका किंचित मागेपुढे हलत असल्याने वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेतासारखी लाट अस्तरावरून सरकत राहते.

या लाटेवर चिकट द्रवाचा म्हणजे श्लेष्म्याचा पातळ थर तरंगत असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, काजळी, परागकण आणि जंतू त्यात अडकतात. पक्ष्माभिका हा थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे ढकलतात आणि तेथून तो नकळत गिळला जातो. फुप्फुसांची ही अहोरात्र चालणारी सफाई आहे. ती मंदावली की कफ साचतो, जंतूंना थारा मिळतो आणि शरीराला खोकल्याचा आधार घ्यावा लागतो. खोकला हा मूळ यंत्रणा थकल्यावर कामावर येणारा बदली कामगार होय.

पक्ष्माभिका केवळ फुप्फुसांतच नसतात. नाकाच्या पोकळीत, स्त्रीच्या बीजवाहिनीत आणि मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांतही त्या असतात. शुक्राणूची शेपटी आतील रचनेच्या दृष्टीने लांबलेली पक्ष्माभिकाच असते. डबक्यातील पॅरामेशिअमसारखे एकपेशीय जीव पक्ष्माभिकांच्याच साह्याने पोहतात.

डायनीनचा शोध

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पक्ष्माभिकेचा आडवा छेद पाहिल्यास एक ठरावीक नक्षी दिसते. मध्यभागी दोन सूक्ष्मनलिका आणि त्यांच्याभोवती कड्यासारख्या नऊ जोड्या. प्रत्येक जोडीला शेजारच्या जोडीच्या दिशेने दोन रांगांत आखूड हात फुटलेले असतात. हे हात म्हणजेच डायनीन.

त्यांचा उलगडा केला तो इयान गिबन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात काम करताना त्यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या पक्ष्माभिका वेगळ्या केल्या आणि त्यांतून हे प्रथिन बाहेर काढले. एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करण्याची क्षमता त्यात होती. बल मोजण्याच्या ‘डाइन’ या एककावरून १९६५ मध्ये त्याचे नाव ‘डायनीन’ ठेवण्यात आले. गिबन्स यांना या कार्यासाठी २०१७ मध्ये रोनाल्ड व्हेल यांच्यासमवेत शॉ पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

डायनीन एटीपीचा रेणू पकडते, त्याचे विघटन करते आणि मिळालेल्या ऊर्जेवर आपला आकार बदलते. आकार बदलताना ते शेजारच्या नलिकेला ढकलते. त्यामुळे नलिका एकमेकींवरून घसरतात. परंतु त्या बुडाशी घट्ट बसवलेल्या आणि आपसात बांधलेल्या असल्याने त्यांना मुक्तपणे घसरता येत नाही. परिणामी संपूर्ण पक्ष्माभिका वाकते. पीटर सॅटिर यांनी १९६० च्या दशकात नलिकांच्या या घसरण्याचा पुरावा मिळवला, तो गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांचा अभ्यास करून. शिंपला आणि माणूस यांच्यातील नाते असे संशोधनाच्या आरंभापासूनच जोडले गेले आहे.

डायनीनचे एक भावंड पेशीच्या अंतर्भागात मालवाहतुकीचे काम करते. त्यावरील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे आयआयटी मुंबईत कार्यरत राहिलेले रूप मल्लिक यांनी डायनीनचे एकेकटे रेणू दुबळे असले, तरी अनेक रेणू मिळून भार वाटून घेतात आणि मोठे बल निर्माण करतात, असे २०१३ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले. त्यांना २०१४ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१८ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

यंत्रावर थेट घाव

रसायने पक्ष्माभिकांवर तीन मार्गांनी परिणाम करतात. काही डायनीनवरच घाव घालतात, काही पेशीतील संकेत बदलून त्याचा वेग वाढवतात वा घटवतात आणि काही पेशीलाच इजा करून पक्ष्माभिका नष्ट करतात. हे तीन मार्ग वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या दोहोंत यंत्र पुन्हा सुरू होण्याची शक्यता बरीच असते. तिसऱ्यात ती कमी होत जाते.

थेट घावाचे अभिजात उदाहरण व्हॅनेडियम या धातूचे आहे. त्याची कथाही रंजक आहे. १९७० च्या दशकात घोड्याच्या स्नायूंपासून तयार केलेले एटीपी वापरताना पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंपाचे काम विनाकारण मंदावते, असे संशोधकांच्या ध्यानात आले. त्या एटीपीमध्ये व्हॅनेडेट हे व्हॅनेडियमचे संयुग अंशमात्र मिसळलेले होते, हे १९७७ मध्ये उघड झाले. पुढच्याच वर्षी गिबन्स आणि सहकाऱ्यांनी हेच संयुग डायनीनवर वापरून पाहिले. अत्यल्प मात्रेतही डायनीनचे काम थांबले आणि शुक्राणूंच्या शेपट्या व पक्ष्माभिका निश्चल झाल्या.

याचे कारण रेणूंच्या आकारात आहे. व्हॅनेडेटची घडण फॉस्फेटशी मिळतीजुळती असते. एटीपीच्या विघटनानंतर डायनीनमधून फॉस्फेट बाहेर पडते आणि त्या रिकाम्या जागी व्हॅनेडेट जाऊन बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकावी तसे यंत्र अर्ध्या फेऱ्यात थबकते. व्हॅनेडेटचे रासायनिक रूप बदलणारे द्रव्य मिसळताच ते पुन्हा चालू लागते, हेही त्याच संशोधनात दिसले. म्हणजे यंत्र मोडलेले नव्हते, केवळ अडकलेले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे प्रयोग बाह्यपटल काढून टाकलेल्या पक्ष्माभिकांवर झाले होते. जिवंत पेशीत ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये व्हॅनेडेटचे रूप पालटून त्याची धार बोथट करतात. त्यामुळे परीक्षानळीतील परिणाम माणसाच्या छातीत जसाच्या तसा होईल, असे मानता येत नाही. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सल्फ्युरिक आम्लाच्या निर्मितीत उत्प्रेरक म्हणून वापरले जाते आणि जड इंधन तेलाच्या राखेतही व्हॅनेडियम असते. तेलावर चालणाऱ्या बॉयलरची सफाई करणाऱ्या कामगारांना होणारा खोकला व श्वासनलिकादाह वैद्यकशास्त्राला परिचित आहे. अधिक संपर्कात आलेल्यांची जीभही हिरवट होते. मात्र या त्रासाचे सारे खापर डायनीनच्या थांबण्यावर फोडता येत नाही, कारण ही धूळ पेशींचा दाहही घडवते.

निकेलचे क्षारही पक्ष्माभिका थांबवतात. सूक्ष्मदर्शकाखाली सतत पळणाऱ्या पॅरामेशिअमला जागच्या जागी खिळवून ठेवण्यासाठी प्रयोगशाळांत निकेलचा विरल द्राव वापरण्याची पद्धत जुनी आहे. अलीकडे तर डायनीनला रोखणारे रेणू संशोधनाची हत्यारे झाले आहेत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘सिलिओब्रेव्हिन’ या रेणूंची माहिती प्रसिद्ध केली. ते मुख्यतः पेशीच्या अंतर्भागातील डायनीनला अडवतात आणि त्यामुळे पक्ष्माभिकांच्या जडणघडणीतही व्यत्यय येतो.

चुलीचा आणि विडीचा धूर

सर्वसामान्य माणसाचा व्हॅनेडेटशी संबंध क्वचितच येतो, धुराशी मात्र रोज येतो. लाकूड पुरेशा हवेविना जळते तेव्हा काजळीबरोबर फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलीन ही ॲल्डिहाइड गटातील संयुगे तयार होतात. पावसाळ्यात जळण ओले असते, चूल नीट पेटत नाही आणि फुंकणीने फुंकताना चेहरा धुराजवळ न्यावा लागतो. दारे-खिडक्या पावसामुळे बंद असतात. कोकणातील दीर्घ पावसाळ्यात ही परिस्थिती अनेक आठवडे टिकते.

सिगारेटच्या धुरातील कोणते घटक पक्ष्माभिकांना मंदावतात, याची छाननी अमेरिकेतील केन्स्लर आणि बॅटिस्टा यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. हायड्रोजन सायनाइड, ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड, फिनॉल आणि अमोनिया यांचा त्यात समावेश होता. यांपैकी सायनाइड पेशीचे एटीपीनिर्मितीचे कामच रोखते. म्हणजे ते यंत्राला हात न लावता त्याचे इंधन तोडते. ॲल्डिहाइडे मात्र प्रथिनांना चिकटतात. जोसेफ सिसन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गाईगुरांच्या श्वासनलिकेतील पेशींवर केलेल्या अभ्यासात ॲसिटाल्डिहाइड पक्ष्माभिकांतील प्रथिनांना जोडले जाते, डायनीनची एटीपी विघटनाची क्षमता घटते आणि पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते, असे आढळून आले. धूर आणि डायनीन यांच्यातील दुवा येथे स्पष्ट होतो.

ॲसिटाल्डिहाइड शरीरात आणखी एका वाटेने तयार होते. मद्य पोटात गेल्यावर यकृत त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइडमध्येच रूपांतर करते. मद्यार्काचा अल्पकालीन संपर्क पक्ष्माभिकांचा वेग किंचित वाढवतो. दीर्घकालीन संपर्काने मात्र वेग वाढवणाऱ्या संकेतांना त्या दाद देईनाशा होतात, असे सिसन यांच्याच पुढील संशोधनातून दिसले. विडी आणि दारू यांची जोडी फुप्फुसांना दुहेरी जाच करते, असे डॉक्टर सांगतात त्यामागे असा जीवरासायनिक आधार आहे.

धुराचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला, तर प्रश्न केवळ वेगाचा राहत नाही. पक्ष्माभिका आखूड होतात, त्या धारण करणाऱ्या पेशी घटतात आणि त्यांच्या जागी श्लेष्मा स्रवणाऱ्या किंवा चपट्या पेशी येतात. कचरा वाढतो आणि झाडणारे हात कमी होतात. कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधी आजार म्हणजे सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून याकडे जगाचे लक्ष वेधले. ग्रामीण भागात ज्याला सरसकट ‘दमा’ म्हटले जाते, त्यातील अनेक रुग्ण प्रत्यक्षात या आजाराचे असू शकतात.

स्वयंपाकाचा गॅस गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू केली. तथापि जोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही इंधने वापरणाऱ्या घरात धूर कमी होतो, पण संपत नाही.

कारखान्यातील वायू

स्वीडनचे शास्त्रज्ञ टोरे डालहॅम यांनी १९५६ मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी सल्फर डायऑक्साइड, अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड हे तीन वायू निवडले होते. या वायूंमुळे पक्ष्माभिकांची हालचाल आणि श्लेष्म्याचा प्रवाह बाधित होतो, असे त्यांनी दाखवले. रासायनिक उद्योगात हे तिन्ही वायू अपरिचित नाहीत. सल्फर डायऑक्साइड आम्लनिर्मितीत व गंधकयुक्त इंधनाच्या ज्वलनात निर्माण होतो, अमोनिया शीतकरणासाठी व कच्चा माल म्हणून वापरला जातो, तर फॉर्माल्डिहाइड राळ आणि रंगद्रव्यांच्या निर्मितीत लागते.

सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे शांत श्वासोच्छ्वासात त्याचा बराचसा भाग नाकाच्या ओल्या अस्तरातच अडतो. मात्र श्रमाचे काम करताना माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि हे संरक्षण निसटते. वायूचा अंश सूक्ष्म धूलिकणांवर स्वार होऊनही खोलवर पोहोचतो. तेथील द्रव आम्लधर्मी झाला की पक्ष्माभिका मंदावतात.

कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८७ च्या दुरुस्तीने १९४८ च्या कारखाने अधिनियमात घातक रसायनांच्या कमाल मर्यादांची अनुसूची जोडण्यात आली. आठ तासांच्या सरासरीने अमोनियासाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग आणि सल्फर डायऑक्साइडसाठी २ भाग, अशा मर्यादा तीत होत्या. परंतु अशा मर्यादा प्रायः एकेका रसायनासाठी ठरतात. प्रत्यक्षात कामगाराच्या श्वासात अनेक रसायने एकत्र येतात आणि तोच कामगार घरी परतल्यावर चुलीच्या धुरात बसतो किंवा विडी ओढतो. पक्ष्माभिकांना हा हिशेब एकत्रच चुकता करावा लागतो.

वेग वाढवणारी रसायने

सर्वच रसायने पक्ष्माभिकांची वैरी नाहीत. पेशी स्वतःच डायनीनचा वेग रासायनिक संकेतांनी नियंत्रित करते. त्यांपैकी ‘चक्रीय एएमपी’ हा संकेत सुपरिचित आहे. तो वाढला की डायनीनच्या एका लहान घटकावर फॉस्फेट बसवले जाते आणि पक्ष्माभिका जलद हलतात. पॅरामेशिअमवरील प्रयोगांत १९९१ मध्ये हा घटक ओळखण्यात आला. दम्याच्या रुग्णांना पंपातून दिले जाणारे साल्ब्युटामॉल मुख्यतः श्वासनलिकेचे स्नायू सैल करण्यासाठी असते. परंतु ते चक्रीय एएमपी वाढवत असल्याने पक्ष्माभिकांनाही थोडी चालना मिळते.

दुसरा संकेत कॅल्शियमचा आहे. तो सर्व प्राण्यांत सारखा वागत नाही. माणसाच्या श्वासनलिकेत कॅल्शियम वाढल्यास वेग वाढतो, पॅरामेशिअमच्या पक्ष्माभिका उलट दिशेने फटके मारू लागतात आणि तो मागे पोहतो, तर शिंपल्याच्या कल्ल्यांवरील काही पक्ष्माभिका चक्क थांबतात. एका प्राण्यावरील निष्कर्ष दुसऱ्यावर लादण्यापूर्वी विचार का करावा लागतो, ते यावरून कळते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. जिभेवर कडू चव ओळखणारे ग्राहक श्वासमार्गातील पक्ष्माभिकांवरही असतात. कडू संयुगांचा स्पर्श होताच पेशीतील कॅल्शियम वाढते आणि पक्ष्माभिकांचा वेग वाढतो. घातक पदार्थ अनेकदा कडू असतात, म्हणून ते झटपट बाहेर लोटण्याची ही व्यवस्था असावी. यावरून कडू औषधांचा धूर किंवा वाफ छातीत घ्यावी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पूर्वी दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेतला जाई. त्यातील ॲट्रोपीन श्वासनलिका रुंदावते हे खरे, परंतु तेच द्रव्य श्लेष्म्याची वाहतूक मंदावते. शिवाय धोतरा विषारी आहे.

नाकात घालण्याच्या काही थेंबांत जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड प्रयोगशाळेत पक्ष्माभिकांना मंदावते. लिडोकेनसारखी बधिर करणारी औषधेही वेग घटवतात. म्हणूनच असे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नयेत.

केवळ वेग वाढला म्हणजे सफाई झाली, असेही नाही. श्लेष्मा फार घट्ट असेल तर वल्ही कितीही जोरात मारली तरी होडी चिखलातच रुतून राहते. पुरेसे पाणी पिणे, हवेतील ओलावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याने नाक धुणे यांचे महत्त्व त्यासाठीच आहे.

खाडीतील साक्षीदार

शिंपल्याच्या कल्ल्यांवर पक्ष्माभिकांच्या रांगा असतात. त्यांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह निर्माण होतो आणि त्यातूनच शिंपल्याला प्राणवायू व अन्न मिळते. सेरोटोनिन या संदेशवाहकाने या पक्ष्माभिका चालू होतात, तर डोपामीनने मंदावतात. मानवी मेंदूतही हीच द्रव्ये कार्यरत असतात. तांबे, पारा यांसारख्या धातूंच्या संपर्कात शिंपल्यांची पाणी गाळण्याची क्षमता घटते. शिंपला लगेच मरत नाही. तो उपाशी राहतो, त्याची वाढ खुंटते.

सांडपाण्याची विषारकता तपासण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांत माशांची चाचणी घालण्यात आली. सांडपाण्यात काहीही न मिसळता त्यात ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असावेत, असा हा निकष आहे. तो उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तो मृत्यू मोजतो, मंदावणे नव्हे. मासे जिवंत राहतील अशा पाण्यातही शिंपल्याच्या पक्ष्माभिका मंद असू शकतात. युरोपात ऱ्हाइन नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी जिवंत शिंपल्यांच्या शिंपा किती उघडतात, याची सतत नोंद घेणारी उपकरणे वापरण्यात आली. शिंपले एकाच वेळी मिटले की धोक्याचा इशारा मिळतो. सावित्रीसारख्या औद्योगिक पट्ट्यातील नद्यांच्या संदर्भात ही कल्पना विचारात घेण्याजोगी आहे.

मोजमाप आणि काळजी

माणसाच्या बाबतीतही हीच अडचण आहे. फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकण्याची चाचणी बिघडते, तोवर बरेच नुकसान झालेले असते. पक्ष्माभिकांचे काम तपासणारी एक सोपी चाचणी मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना ठाऊक आहे. नाकपुडीच्या आत सॅकरिनचा बारीक कण ठेवतात आणि घशात गोड चव लागेपर्यंतचा वेळ मोजतात. सर्वसाधारणपणे हा वेळ २० मिनिटांच्या आत असतो. तो ३० मिनिटांहून अधिक लागल्यास अधिक तपासणीची गरज असते. सर्दी असताना निष्कर्ष फसवा ठरू शकतो, त्यामुळे ही चाचणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी.

काही मुलांमध्ये डायनीनचे हात जन्मतःच नसतात किंवा सदोष असतात. अशा मुलांना पहिल्या दिवसांपासून सर्दी-खोकला असतो, वारंवार कान फुटतो आणि त्यांतील सुमारे निम्म्यांचे हृदय उजव्या बाजूला असते. स्वीडनचे ब्योर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये या विकाराचा संबंध डायनीनशी जोडला. ज्या मुलाचा ओला खोकला वर्षभर हटत नाही, त्याला ‘नेहमीचीच सर्दी’ म्हणून सोडून देऊ नये.

इतरांसाठी उपाय साधे आहेत. जळण पावसापूर्वी वाळवून आडोशाला रचावे, चुलीवर धुराडे किंवा निदान भिंतीला वर झरोका असावा आणि लहान मुलांना चुलीजवळ बसवू नये. राब भाजताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उभे राहावे, जेणेकरून धूर अंगावर येणार नाही. तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, वायू अडवत नाही. कारखान्यात त्या-त्या वायूसाठी नेमून दिलेल्या गाळणीचाच मुखवटा वापरावा आणि गाळणी मुदतीत बदलून घ्यावी. पाळी संपल्यावर दररोज खोकला येतो आणि सुट्टीत तो थांबतो, असे आढळल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सुट्टीत थांबणारा खोकला हे वाईट लक्षण असले, तरी त्यात आशाही आहे. व्हॅनेडेट दूर होताच परीक्षानळीतील डायनीन पुन्हा चालू लागले होते. धूम्रपान सोडल्यानंतर अनेकांच्या श्वासमार्गाची सफाई कालांतराने सुधारते. अडकलेले यंत्र सुटू शकते, झिजून गेलेले अस्तर सहजी परत येत नाही. या दोन अवस्थांमध्ये काही वर्षांचा अवधी असतो. धूर आणि वायू कमी करण्याचे जे काही करायचे, ते त्या अवधीतच करावे लागते.